कै. ना. म. जोशी आणि कामगाराचे दुखणे

गेल्या महिन्यात चार दिवस बऱ्हाणपूरला जाणे झाले. बुधवाऱ्यात आमचे आजोळ आहे. मामांचे जुने घर, पुढे ओटा, आणि पलीकडच्या गल्लीतून दिवसरात्र येणारा यंत्रमागांचा खडखडाट. लहानपणी तो ऐकता ऐकता झोप लागे. आता पंचेचाळिशी उलटल्यावर त्या खडखडाटात मात्रा मोजण्याचा चाळा लागला आहे, तो गाणे शिकवण्याच्या धंद्याचा दोष. शेजारचा एक मागवाला नुकताच हर्नियाचे ऑपरेशन करून घरी आला होता. आयुष्मान कार्ड असल्यामुळे खिशातून पैसा गेला नव्हता, याचे घरच्यांना मोठे समाधान. परंतु तिसऱ्याच दिवशी घरी पाठवल्यामुळे की काय, टाक्यांत पू झाला, ताप भरला, आणि मी तेथे असतानाच त्याला पुन्हा त्याच रुग्णालयात न्यावे लागले. तेथे पुन्हा दाखल करून घेतले, पुन्हा कार्ड लावले. रात्री ओट्यावर बसल्या बसल्या मामांनी सहज विचारले की, जखम भरली तरी रुग्णालयाला ठरलेलेच पैसे आणि चिघळली तर दुसऱ्या खेपेचे आणखी, अशी जर रीत असेल तर टाके नीट घालण्याची घाई कुणाला असणार? मला उत्तर देता आले नाही.

मात्र त्या प्रश्नाने एका जुन्या तसबिरीची आठवण झाली. आमचे आजोबा बऱ्हाणपूरच्या तापी मिलमध्ये हजेरी कारकून होते. ही गिरणी १९०६ साली निघाली. आजोबांच्या बैठकीत टिळक आणि गोखले यांच्या तसबिरी शेजारी शेजारी असत आणि त्यांच्या खाली, वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेले, तिसरे एक चित्र असे. ते कै. नारायण मल्हार जोशी यांचे. मुंबईत ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना डिलाईल रोडचे आजचे नाव म्हणून ना. म. जोशी मार्ग ठाऊक असतो. त्या नावाचा माणूस कोण, हे आताशा फारसे कुणी विचारीत नाही. कामगार आजारी पडला तर त्याला वैद्य कोणी द्यायचा, त्या वैद्याला पैसे कोणी द्यायचे आणि कोणत्या रीतीने द्यायचे, हा जो प्रश्न आज आपल्या दारी आहे, त्याच्या सर्व महत्त्वाच्या वळणांवर हा गृहस्थ उभा होता. म्हणून त्यांच्या चरित्राची थोडी उजळणी करावीशी वाटली.

ना. म. जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. कोकणातल्या मध्यम ब्राह्मण घरातली मुले त्या काळी ज्या वाटेने जात, त्याच वाटेने तेही पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. पदवी घेतल्यावर त्यांनी सुमारे आठ वर्षे शिक्षकी केली. हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात; मला, स्वतः शिक्षक असल्याने, तो महत्त्वाचा वाटतो. पुढे कायदेमंडळात सरकारी बाकांशी वाद घालताना त्यांनी जी चिकाटी दाखवली, एकच गोष्ट दहा वेळा न रागावता सांगण्याची, ती वर्गात बसून आल्याखेरीज येत नाही. १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. समाजाचे सभासद अल्प निर्वाहवेतनावर राहत आणि सार्वजनिक काम हाच संसार मानीत.

मुंबईला आल्यावर १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणगाव तेव्हा भराभर वाढत होते. रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, पतपेढ्या, गरिबांसाठी दवाखाने आणि कायद्याचा सल्ला अशी लीगची कामे. हे सारे परोपकाराचे काम होते आणि परोपकाराच्या मर्यादाही त्यात दिसत होत्या. एका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्या चाळींत औषधाच्या बाटलीने काय होणार? १९२१ साली मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांतून दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पुष्कळ मुले गावी जन्मत आणि मुंबईत दगावत, म्हणून नोंदीत जन्म कमी आणि मृत्यू जास्त दिसत. तरी एवढी सूट देऊनही जे उरते ते अंगावर काटा आणणारे आहे. त्याच सुमारास डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंनी गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवले जाते असे आढळले. आई सांच्यावर उभी, मूल गुंगीत. या मुलांना दवाखाना पुरा पडणारा नव्हता. आईला घरी राहता येईल अशी मजुरी बाळंतपणात मिळायला हवी होती.

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि १९१९ साली वॉशिंग्टन येथे तिची पहिली परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठवले. सरकारने नेमलेला प्रतिनिधी कामगारांचा कसा, असा आक्षेप राष्ट्रीय पक्षाने घेतला, आणि तो रास्तच होता. प्रतिनिधी निवडायचा तर निवडणारी संघटना हवी, या गरजेतून १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. गंमत अशी की, ज्यांच्या नेमणुकीवर आक्षेप होता ते जोशीच या संस्थेच्या उभारणीत अग्रभागी होते आणि पुढे वर्षानुवर्षे तिचा गाडा त्यांनी ओढला.

१९२१ पासून सव्वीस-सत्तावीस वर्षे ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सभासद होते. कामगार संघांना कायद्याची मान्यता द्यावी असा ठराव त्यांनी १९२१ साली मांडला. कायदा झाला तो १९२६ साली. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र १९२४ साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी त्यांनी बाळंतिणींना रजा आणि भत्ता देण्याचे विधेयक आणले. सरकारने विरोध केला आणि पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. जोशी गप्प बसले नाहीत, पण आदळआपटही केली नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याने तसा कायदा केला आणि १९३० साली मध्य प्रांताने. बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. म्हणजे दिल्लीत हरलेले विधेयक पाच वर्षांनी तापीकाठच्या गिरणीतील बायकांपर्यंत दुसऱ्या वाटेने येऊन पोचले. आजोबांनी ती तसबीर का लावली असेल, याचा मला लागलेला अर्थ हा असा आहे.

आता विम्याकडे वळू. १९२७ साली जिनिव्हाच्या परिषदेने आजारपणाच्या विम्याचे दोन करार मंजूर केले. एक कारखान्यांतील कामगारांसाठी, दुसरा शेतमजुरांसाठी. कल्पना तेव्हाही नवी नव्हती. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आणि इंग्लंडात लॉइड जॉर्जने १९११ साली ती कायद्यात आणली होती. कामगार थोडे देतो, मालक थोडे देतो, त्याचा फंड होतो. दुखणे आले की त्यातून मजुरीचा काही भाग आणि औषधपाणी मिळते. इथपर्यंत सारे सोपे. अवघड प्रश्न पुढे येतो : फंडातून डॉक्टरला पैसे कसे द्यायचे? इंग्लंडात प्रत्येक विमेदार कामगार आपल्या वस्तीतला एक डॉक्टर निवडून त्याच्या यादीत नाव घाली, आणि डॉक्टरला यादीतील दर डोक्यामागे सालाची ठरीव रक्कम मिळे, मग तो माणूस वर्षात एकदा येवो वा वीस वेळा. याला पॅनेल पद्धत म्हणत. दुसरी रीत म्हणजे डॉक्टर पगारी नोकर ठेवणे. तिसरी, जेवढ्या वेळा तपासील तेवढी फी. दर डोक्यामागे दिले तर डॉक्टर यादी फुगवतो आणि रोग्याला दोन मिनिटांत वाटेला लावतो. फीवर ठेवले तर नको तेव्हाही सुई टोचतो. पगारावर ठेवला तर घड्याळाकडे पाहतो. अर्थात सगळेच डॉक्टर असे करतात असे नव्हे. सज्जन माणूस कोणत्याही रीतीत सज्जन राहतो. पण कायदा सज्जनांवर विसंबून करता येत नाही.

येथे थोडे घरचे सांगितले तर वाचक क्षमा करतील. आमचे वडील दरबारी गवई. त्यांना दरमहा तनखा असे आणि एखादी बैठक रंगली की वर बिदागी. ते सांगत की, तनख्याने घर चालते आणि रियाजाला निवांतपणा मिळतो, पण तनखा बांधला गेल्यावर तंबोरा खुंटीवर टांगून ठेवणारेही त्यांनी पाहिले होते. उलट जे केवळ बिदागीवर जगत ते रियाज सोडीत नसत; मात्र धनी कुठे मान डोलावतो याकडेच त्यांचे लक्ष लागे, आणि हळूहळू रागाची बढत जाऊन तानांची आतषबाजी तेवढी उरे. सूर चांगला लागला की नाही हे मोजणारा कारकून कोणत्याही दरबाराला सापडला नाही. वैद्यकी आणि गाणे यांत फरक पुष्कळ आहे, जखम भरली की चिघळली हे तरी डोळ्यांना दिसते. पण काम चांगले झाले यासाठी पैसे कसे मोजावेत, ही अडचण दोहींकडे एकाच जातीची आहे.

हिंदुस्थान सरकारने १९२७ चे करार स्वीकारले नाहीत. कामगार गावाकडे जाऊन येऊन असतो, डॉक्टर पुरेसे नाहीत, लोकांचा ओढा वैद्य-हकिमांकडे आहे, मजुरीतून कपात कामगारांना रुचणार नाही, अशी कारणे दिली गेली. कारणे खोटी नव्हती, परंतु ती पुढे केली की काही करावे लागत नाही, हा त्यांचा सोयीचा भाग होता.

१९२९ साली मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला आणि जोशी यांनी त्याचे सभासदत्व स्वीकारले. यावरून मोठे रण माजले. त्याच वर्षाअखेर नागपूरला पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. आयोगावर बहिष्कार घालावा असा बहुमताचा कौल पडला आणि जोशी व त्यांचे सहकारी स्वतः उभारलेल्या संस्थेतून बाहेर पडले. त्यांना सरकारधार्जिणे म्हटले गेले. हा घाव लहान नव्हता. आज मागे वळून पाहता मला असे वाटते की, बहिष्कार घालणाऱ्यांचे राजकारण बरोबर असेल, पण आयोगाच्या १९३१ च्या अहवालात आजारपणाचा विषय नीट आला, आधी गिरण्यांतील आजारांची आकडेवारी गोळा करा आणि त्यावर विम्याची योजना बसवा असे तेथे लिहिले गेले, हे आत बसलेल्या माणसांमुळे झाले. पुढच्या दहा वर्षांत विम्याची मागणी करणाऱ्यांना बोट ठेवायला ते पान मिळाले. दुरावलेले दोन्ही गट पुढे पुन्हा एक झाले आणि १९४० पासून १९४८ पर्यंत जोशीच ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस होते, यावरून त्यांच्याविषयीचा राग किती टिकला ते दिसते.

युद्धाच्या वर्षांत चक्रे फिरू लागली. १९४२ च्या मध्यास व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे आले. माळव्यातील वाचकांना त्यांचा जन्म महूचा हे सांगायला नको. त्यांच्या खात्याने १९४३ साली प्रा. भा. पु. आदारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले, आणि आदारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. या तारखेला तीन वर्षांनी वेगळेच महत्त्व यायचे होते.

त्याच १९४३ सालच्या ऑक्टोबरात सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली साऱ्या देशाच्या आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली. भोर हे नाशिकचे, जोशींहून एका वर्षाने मोठे, डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी. पुढे ते सनदी नोकरीत गेले आणि कोचीन संस्थानचे दिवाण झाले. एकाच कॉलेजातून निघालेल्या या दोघांच्या वाटा किती वेगळ्या! एक व्हाइसरॉयच्या मंडळापर्यंत गेला, दुसरा गिरणगावातल्या चाळीत. उतारवयात समितीच्या टेबलाभोवती दोघे एकत्र आले. समितीत डॉक्टर पुष्कळ होते. कामगारांचे म्हणून जोशी.

समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यातली माहिती वाचताना आजही मन उदास होते. सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षे. हजार जन्मांमागे १६२ बालमृत्यू. दर वर्षी अंदाजे दोन लाख बाळंतिणींचे मृत्यू. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागे एक शिकलेली परिचारिका. त्यातही डॉक्टर बहुतेक शहरांत. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराला मुकू नये, हे समितीने आपल्या योजनेच्या मुळाशी ठेवले.

मग तोच जुना प्रश्न पुढे आला. वैद्याला पैसे कोणत्या रीतीने द्यावेत? विमा काढून पॅनेलचे डॉक्टर नेमावेत की सरकारने पगारी डॉक्टर ठेवावेत? समितीने विम्याचा विचार केला आणि तूर्त तो बाजूला ठेवला, कारण ज्या देशात बहुसंख्य लोकांपाशी हप्ता भरायलाच पैसे नाहीत तेथे विम्याची यादी बहुतेकांना बाहेर ठेवणार. ज्यांची ऐपत आहे त्यांनी करांच्या रूपाने द्यावे, आणि सेवा सर्वांना सारखी मिळावी. पुढे देश सुधारल्यावर विमा हवा की नको ते पुढच्या सरकारांनी ठरवावे, असा तिचा कौल. खेड्यात फीवर जगणारा डॉक्टर जाणार नाही, म्हणून डॉक्टर पगारी. आणि जो पूर्णवेळ पगारी त्याने खासगी धंदा करू नये, ही समितीची अट. गरिबाचे हित त्याखेरीज राखले जाणार नाही, हे तिने स्पष्टपणे मांडले. सकाळी सरकारी दवाखान्यात फुकट तपासायचे आणि संध्याकाळी त्याच रोग्याला घरी बोलावून फी घ्यायची, या रीतीत सकाळची तपासणी दिवसेंदिवस वाईट होत जाते. कारण ती चांगली झाली तर संध्याकाळी कोण येईल? मामांनी ओट्यावर विचारलेला प्रश्न याच कुळातला होता.

पगारी डॉक्टर आळसावला तर काय, याला मात्र समितीकडे तितके पक्के उत्तर नव्हते, असे मला वाटते. चांगला पगार, चांगले शिक्षण, वरिष्ठांची देखरेख, आणि गावोगाव लोकांच्या आरोग्य समित्या, यांवर तिची भिस्त होती. ही भिस्त माणसाच्या चांगुलपणावर होती. भोर समितीच्या योजनेतील खाटा आणि डॉक्टर पुढे कागदावर राहिले तेवढे राहिले; पण चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही तिची अल्पमुदतीची सूचनाच पुढे देशभरच्या आरोग्य केंद्रांचे मूळ ठरली. खासगी धंद्याच्या बंदीचे काय झाले ते वाचकांना आपापल्या गावावरून ठाऊक आहे.

विम्याचे काम आदारकरांच्या अहवालाच्या आधारे वेगळे चालू राहिले. मजूर खाते पुढे बाबू जगजीवनराम यांच्याकडे आले आणि १९ एप्रिल १९४८ रोजी राज्य विमा कायदा झाला. मजुरीतून थोडी कपात, मालकाची त्याहून मोठी वर्गणी. बदल्यात आजारात भत्ता, बाळंतपणाचा भत्ता, अपघाताची भरपाई आणि औषधोपचार. १९२४ साली जोशींनी मागितलेली गोष्ट आणि १९२७ साली जिनिव्हात ठरलेली गोष्ट, दोन्ही या एका कायद्यात आल्या. जोशी तेव्हा कायदेमंडळात नव्हते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेस आरंभ झाला. कानपूर आणि दिल्ली मिळून सव्वा लाखाच्या आत कामगार. १९५४ साली ती नागपुरास व मुंबईस आली आणि १९५५ साली इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन व रतलाम या आपल्या गिरण्यांच्या गावी.

मुंबईत पॅनेलची पद्धत ठेवली. कामगाराने वस्तीतला डॉक्टर निवडायचा, डॉक्टरला दर डोक्यामागे सालाचे पैसे. आपल्याकडे, मध्य भारतात आणि पुढे मध्य प्रदेशात, पगारी डॉक्टरांचे दवाखाने काढले. एकाच कायद्याखाली दोन रीती शेजारी शेजारी चालू राहिल्या, आणि दोन्हींविरुद्ध तक्रारी आल्या. पॅनेलचा डॉक्टर आजारीपणाचा दाखला देतो पण तपासत नाही, दवाखान्याचा डॉक्टर तपासतो पण औषध नसते. आरंभी औषधोपचार फक्त कामगारालाच होता, त्याच्या बायकामुलांना १९५८ पासून पुढे क्रमाक्रमाने मिळू लागला. दहापेक्षा कमी माणसांच्या लहान शेडी कायद्याच्या बाहेरच राहिल्या, आणि बऱ्हाणपूरचे कितीतरी माग अशाच शेडींत चालतात.

ना. म. जोशी ३० मे १९५५ रोजी मुंबईत वारले. वय शहात्तर वर्षांना सहा दिवस कमी. गिरणगावातल्या कामगाराला विम्याचा डॉक्टर मिळून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. पॅनेलचा डॉक्टर कसा निघतो हे पाहायला त्यांना फार वेळ मिळाला नाही.

पुढली हकीकत त्यांच्या चरित्रात बसत नाही, तरी ती सांगितल्यावाचून मामांच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. इंग्लंडने २००४ साली डोक्यामागच्या पैशांशिवाय डॉक्टरांना कामाच्या गुणांवर पैसे देणे सुरू केले. रक्तदाब ताब्यात आहे का, मधुमेह्याची तपासणी वेळेवर झाली का, असे सुमारे दीडशे निकष आणि प्रत्येकाला गुण. निकषांतली कामे सुधारली; निकषांत नसलेल्यांचे तसे झाले नाही, असे टीकाकारांचे म्हणणे पडले. २०१६ साली स्कॉटलंडने ती रीत सोडून दिली. आमचे वडील असते तर धन्याने मान डोलावली तेवढीच तान, असे त्यांना वाटले असते.

आपल्याकडे २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत कुटुंबामागे सालाला पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकार भरते आणि रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठरीव दर मिळतो. गुणवत्तेचे प्रमाणपत्र घेतलेल्या रुग्णालयांना दरावर काही टक्के जास्त देण्याची तरतूद आरंभापासून केली गेली. प्रमाणपत्र इमारतीचे, साधनांचे, नोंदवह्यांचे असते. ते असणे चांगलेच, पण उत्तम तंबोरा म्हणजे उत्तम गाणे नव्हे. २०२२ साली योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने एक पाऊल पुढे टाकून रुग्णालयाचे मोल पाच गोष्टींवर ठरवण्याचे जाहीर केले : रोग्याचे समाधान, पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण, रोग्याच्या खिशातून गेलेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी, आणि उपचारानंतर त्याच्या जगण्यात झालेली सुधारणा. यातील दुसरी गोष्ट वाचली तेव्हा बुधवाऱ्यातले टाके डोळ्यांपुढे आले. ती मोजली गेली तर रुग्णालयाला दुसऱ्या खेपेची लाज वाटेल, हे खरे. मात्र दुसऱ्या खेपेची भीती घालून ठेवली तर रुग्णालये पू झालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतील, हीही शक्यता आहे, आणि मग तो कोणत्याच नोंदीत येणार नाही. जोशींच्या काळी आकडेवारी नव्हती म्हणून विमा अडला होता. आता आकडे पुष्कळ आहेत, प्रश्न त्यांत कोण सापडतो आणि कोण सुटतो याचा आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी शेजाऱ्याला भेटून आलो. ताप उतरला होता, नवी पट्टी बांधलेली होती. उपचार कसे झाले म्हणून विचारणारा फोन कुणाचा आला होता का, असे मी त्याच्या बायकोला विचारले. आला असेल, असे तिचे उत्तर. घरात मोबाइल एकच, तो थोरला मुलगा मागावर घेऊन जातो, आणि तेथे घंटी ऐकू येत नाही.